ऊब कुणाच्या जिवावर

आपल्याकडं थंडी असती असं म्हटलं की लोक हसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण झाले की पेपरात फोटो येतो, तेवढीच काय ती सातारची थंडी, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण पौषातल्या रात्री दीडच्या लायटीवर ज्याला ज्वारीला दारं धरावी लागतात, त्याला विचारा. खटाव तालुक्यात आमचं गाव माळावर आहे. वारं अडवायला डोंगर नाही की झाडी नाही. गुडघाभर चिखलातनं पहाटे घरी आलं की पायाची बोटं आपली आहेत का दुसऱ्याची, ते कळत नाही.

तेव्हा घर गरम ठेवायची सोय आपल्याकडंही होतीच, फक्त तिला कुणी नाव दिलं नव्हतं. विलायतेत तळघरात मोठी भट्टी असते आणि घरभर नळ फिरवलेले असतात. आपल्या घरात चूल होती, न्हाणीजवळ बंब होता, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती आणि सोप्याच्या शेजारी बांधलेली जनावरं होती. गेल्या चाळीस वर्षांत हे सगळं आमच्या घरात एक एक करून बदललं. बदलताना चर्चा व्हायची ती खर्चाची. टाकी केवढ्याला, सोलर केवढ्याला, अनुदान किती. मला मात्र वेगळाच प्रश्न पडत आलाय. घर ज्या उबेत बसतं, ती ऊब कुणाच्या जिवावर तयार होते? आणि जुनं ठेवायचं का मोडायचं, हे सांगायचा हक्क पहिला कुणाचा?

आधी जुनं कसं होतं ते सांगतो, कारण नव्या पोरांना ते माहीत नाही.

आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती दीड-दोन हात रुंद, वर लाकडी तुळया, त्यावर लाकूडफाटा आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. स्वयंपाकघर सगळ्यात आत, अंधारात. माळवदाला एक सवणं, तेवढंच धुराला वाट आणि तेवढाच उजेड. चूल एका जाळात तीन कामं करायची. पुढच्या तोंडावर भाकरी, मागच्या वैलावर कालवण, आणि भानवशीवर ठेवलेलं दूध-पाणी कोमट. रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवली की सकाळी फुंकर मारून त्यातनंच जाळ निघायचा, काडीपेटी लागायची नाही. चुलीमागची भिंत दिवसभर तापायची आणि मध्यरात्रीपर्यंत हळूहळू ऊब सोडत राहायची. त्या भिंतीच्या पलीकडं माजघरात म्हातारी माणसं आणि पोरं झोपायची. हे कुण्या इंजिनियरनं काढलेलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या राहून जमलेलं होतं.

धूरही वाया जात नव्हता. बियाणाची कणसं चुलीच्या वर टांगलेली असत, त्यांना कीड लागत नसे. तुळया काळ्या कुळकुळीत झालेल्या, पण त्यात भुंगा शिरत नसे. म्हणजे ते घर धूर धरून उभं राहिलं होतं.

बंब तांब्याचा. मधून नळी, नळीत जळण, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख. चार शेणकुटं आणि मूठभर काटक्या घातल्या की घरातल्या दहा माणसांच्या अंघोळी व्हायच्या. जाळ चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला, त्यामुळं उष्णता फारशी वाया जात नाही. आजही त्या बंबात मला खोट काढता येत नाही.

जळण मात्र गावागणिक वेगळं. आमच्या दुष्काळी भागात तुरकाट्या, ज्वारीची धसकटं, बाभळीची काटकी आणि शेणी. माझ्या बायकोचं माहेर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. तिकडं ऊसच ऊस, त्यामुळं चिपाड आणि पाचट हवं तेवढं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या चुलीपुढं बसून ती म्हणाली, "आमचं पाचट भसकन पेटतं आन भसकन विझतं, सारखं सारत बसावं लागतं. तुमची शेणी पेटतच न्हाई, नुसती धुमसती." दोन जिल्ह्यांच्या जळणातला फरक तिनं पहिल्याच दिवशी सांगितला, आणि दोन्हीकडं चुलीपुढं बसणारी बाईच असते, हेही न बोलता सांगितलं.

चुलीच्या उबेची वाटणी किती विषम असते, हे एका वेगळ्याच प्रसंगानं लक्षात येतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्याकडं पाटणसारखी पडझड झाली नाही, पण भिंतींना चिरा गेल्या आणि भीतीनं गाव कितीतरी रात्री बाहेर झोपलं. ऐन थंडीचे दिवस. जागोजागी आगट्या पेटलेल्या. आगटीभोवती पाटील आणि गडी, सासू आणि सून, सगळे गोल बसलेले. उघड्यावरच्या आगीचा धूर वाऱ्यावर जातो आणि ऊब ज्याला त्याला सारखी मिळते. घरातल्या चुलीचं तसं नाही. तिची ऊब भिंतीतनं माजघरात जाते, तिची भाकरी सोप्यात जाते आणि तिचा धूर एकटीच्या छातीत जातो.

माझ्या आईनं त्या सवण्याखाली पन्नास वर्षं काढली. तिनं कधी बिडीला हात लावला नाही, तंबाखूची मिश्रीसुद्धा लावली नाही. साठीच्या पुढं तिला दम लागायला लागला. साताऱ्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "आजी चुलीपुढं किती वर्षं बसल्या?" बिडी ओढणाऱ्याच्या छातीसारखी तिची छाती झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. आकडा वाचताना एवढा मोठा वाटतो की काही वाटतच नाही. पण रात्री आई उशीला उशी लावून बसून झोपायची, तिच्या छातीची शिट्टी सोप्यात ऐकू यायची, तेव्हा त्या आकड्यातला एक काय असतो ते कळत होतं.

आता बदलाकडं येतो. कारण बदल म्हणजे चांगलंच, असंही नाही.

१९८० नंतर गावोगाव गोबरगॅसचं वारं आलं. ते गांधीजींच्या विचाराच्या माणसांनी, खादी ग्रामोद्योगानं आधीपासून चालवलं होतं, पण सरकारी अनुदानाची मोठी योजना १९८१-८२ पासून सुरू झाली. आमच्या वडलांनी परड्यात दोन घनमीटरचा बांधला. शेणी थापून जाळण्यापेक्षा शेणाचा गॅस जाळावा आणि राहिलेली मळी रानात घालावी, हा हिशेब शेतकऱ्याला पटणारा होता. शेणी जाळली की खत जळतं. गॅसमध्ये खत राहतं आणि जाळही मिळतो. निळा जाळ, धूर नाही. आईनं पहिल्या दिवशी चहा केला तेव्हा सगळी आळी बघायला आली होती.

पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं आणि कालवायला जवळजवळ तेवढंच पाणी. आमच्या गावात चैत्र-वैशाखात प्यायच्या पाण्याला विहिरीवर नंबर लागायचे. पन्नास लिटर पाणी म्हणजे रोज तीन-चार घागरी जादा. त्या घागरी कोण आणणार? आई एकदा म्हणाली, "धूर डोळ्यातनं गेला आन घागर डोक्यावर आली." वडील त्यावर काही बोलले नाहीत. पुढं त्यांनी बैलगाडीवर टीप ठेवून स्वतः पाणी आणायला सुरुवात केली, हे मात्र खरं.

दुसरी गोम थंडीची. गॅस तयार करणारे जंतू गारठ्यात सुस्तावतात. म्हणजे ऐन पौषात, जेव्हा जाळ जास्त हवा, तेव्हाच गॅस कमी. आम्ही कोमट पाण्यात शेण कालवायचो, वर पाचटाचं पांघरूण घालायचो, पण अर्धी चूल पेटवावीच लागायची. नंतर ट्रॅक्टर आला, बैल गेले, दोन म्हशी राहिल्या. पन्नास किलो शेण कुठलं? संयंत्र बंद पडलं. त्याला मी फसलं म्हणणार नाही. पंधरा वर्षं त्यानं आईचा निम्मा धूर वाचवला. पण त्यातनं एक कळलं. एखादी सोय घरात आणली की कष्ट नाहीसे होतात असं नाही, बऱ्याचदा ते जागा बदलतात. आणि जागा बदलून परत त्याच माणसाच्या अंगावर येतात, कारण त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

निर्धूर चुलीचंही तसंच झालं. १९८३-८४ पासून सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. सिमेंटचं धुराडं, दोन तोंडं, अनुदान. आमच्या आळीत पाच-सहा बसल्या. चुलीचं तोंड लहान, आमच्या तुरकाट्या लांब. त्या तोडत कोण बसणार? धुराड्यात काजळी साचायची, ते साफ करायला माळवदावर चढायचं कुणी? दोन वर्षांत धुराडी तुंबली आणि बायकांनी मुकाट्यानं शेजारी तीन दगड मांडले. पुढाऱ्यांच्या भाषणात मात्र त्या चुली चालूच होत्या.

त्या मानानं फलटणच्या बाजूला झालेलं काम मला जास्त भावलं. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी बसवली, त्यासाठी त्यांना २००२ मध्ये अ‍ॅशडेनचा जागतिक पुरस्कारही मिळाला. जे पाचट शेतकरी रानातच पेटवून देतो, त्याच्या कोळशाच्या वड्या करायच्या. त्यांचा सराई कुकर शंभर ग्रॅम वड्यांवर चार-पाच माणसांचं वरण-भात-भाजी शिजवतो. पेटवून ठेवला की बाई उठून दुसऱ्या कामाला लागू शकते. चुलीपुढं बसून राहावं लागत नाही, ही गोष्ट यंत्र करणाऱ्याच्या ध्यानात आली होती. त्यानं जळणाबरोबर बाईचा वेळही मोजला होता.

बाहेरच्या देशातलंही एक उदाहरण देतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं असं धुकं बसलं की चार-पाच दिवसांत हजारो माणसं दगावली. त्यातला बराच धूर घरोघरच्या शेकोट्यांचा होता. तिथल्या लोकांचाही त्या आगीवर जीव होता. १९५६ साली कायदा झाला आणि धुराच्या कोळशावर भागाभागानं बंदी आली. पण शेकोटी बदलायचा बराचसा खर्च सरकारनं आणि नगरपालिकांनी उचलला. गरिबाला नुसतं 'बदल' म्हणून चालत नाही. आपल्याकडं १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, कोट्यवधी घरांत टाकी पोचली, हे मोठं काम झालं. पण दुसऱ्या, तिसऱ्या टाकीला पैसे कुठनं आणायचे, हा प्रश्न बाईच्या पदरात राहिला. आमच्या गावात मजुरी करणाऱ्या घरातनं टाकी कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसलेली असते. पाहुणा आला की चहापुरती पेटते, भाकरी मागं चुलीवरच. त्या बाईला कुणी अडाणी म्हणू नये. तिच्याइतका बारीक हिशेब बँकेतला माणूस करत नाही.

आता आमच्या घरातला वाद. सात-आठ वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं. गॅस आमच्याकडं नव्वदच्या दशकापासून होता, पण चूलही होती. भाकरी, डाळ, जनावरांचं आंबोण चुलीवर. उभा ओटा करायचा तर चूल मोडावी लागणार. धाकटा भाऊ मुंबईला असतो. दिवाळीला आला आणि म्हणाला, "दादा, चूल मोडू नका. घराचं घरपणच जाईल. आमच्याकडं लोक चुलीवरच्या भाकरीसाठी हायवेवर गाड्या थांबवतात."

माझी बायको ताट वाढत होती. ती म्हणाली, "भावजी, आठ दिवस तुम्ही फुंका. मग दोघं मिळून ठरवू."

भाऊ हसला, पण गप्प बसला. वाईट माणूस नाही तो. त्याला आठवत होती ती आईच्या हातची भाकरी आणि माजघरातली गरम भिंत. आठवण खोटी नव्हती. पण ती उबेच्या बाजूच्या माणसाची आठवण होती. भिंतीच्या एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला धूर असेल, तर भिंत ठेवायची का पाडायची, हे ऊब घेणाऱ्यानं एकट्यानं कसं ठरवायचं? परंपरा जपावी, मी तिच्या विरोधात नाही. पण जपण्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो ते आधी बघावं. तो आपल्या अंगावर पडणार असेल तर खुशाल जपावी.

इथवर सगळं सोपं वाटतं. धूर जिनं सोसला तिला विचारा आणि मोडा चूल. पण आमच्या घरात धूर सोसलेल्या बायका दोन होत्या, आणि दोघींचं म्हणणं उलटं होतं. बायको म्हणायची मोडा. आई, जिची छाती त्या चुलीनं खाल्ली, ती म्हणायची ठेवा. "गॅसला जाळ असतो रं, ऊब नसती," ती म्हणायची. म्हातारपणी तिची सगळी दुनिया चुलीपुढच्या त्या दोन हात जागेत आली होती. तिथं बसून ती लसूण सोलायची, नातवंडांना गोष्टी सांगायची, कोण आलं कोण गेलं बघायची. उभ्या ओट्यापुढं म्हातारं माणूस बसत नाही. चूल मोडली म्हणजे तिची घरातली जागाच मोडणार होती, आणि ते डॉक्टरांच्या फोटोत दिसत नव्हतं.

तेव्हा मला असं वाटायला लागलं, की जुनं मोडताना दोन हिशेब करावे लागतात. त्यानं कुणाचं काय घेतलं हा एक, आणि ते कुणाला काय देत होतं हा दुसरा. पहिलाच केला तर माणूस निर्दय होतो, दुसराच केला तर ढोंगी.

आम्ही मग असं केलं. चूल आतनं काढली आणि परड्यात पत्र्याच्या शेडखाली मांडली, तिन्ही बाजू मोकळ्या. जनावरांचं आंबोण आणि सणासुदीची डाळ तिथं. बंब तिथंच शेजारी. सोलर बसवला शंभर लिटरचा, नळ्यांचा, कारण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, पत्र्याच्या पॅनेलमधल्या बारीक नळ्या लवकर धरतात. पण आषाढ-श्रावणात सूर्य दिसत नाही तेव्हा बंबच कामाला येतो.

घराची ऊब टिकवायची तर भिंती टिकवायला हव्या होत्या. गवंडी म्हणत होता, माळवद उतरवा, स्लॅब टाका. आळीत बऱ्याच जणांनी टाकला. ती घरं उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन धरून ठेवते आणि रात्री देते, तिला टाकी लागत नाही. आम्ही माळवद ठेवलं, सवण्याला वरनं काच बसवली, म्हणजे उजेड येतो आणि ऊब जात नाही. धूर गेल्यावर दोन वर्षांत तुळयांत भुंगा दिसायला लागला, म्हणून आता दरसाल लाकडाला औषध मारावं लागतं. धूर फुकटात करत होता ते काम आता आम्ही पैसे देऊन करतो.

एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो, कारण ती जिवाची आहे. जुन्या घराला फटी होत्या, म्हणून त्यात शेगडी चालून जायची. नवं घर झालं, काचेच्या खिडक्या बसल्या, आणि तीच शेगडी कोळसे घालून बंद खोलीत ठेवली तर रात्रीत माणसं मरतात. त्या वायूला वास नाही, रंग नाही. घर बदललं की शेगडीही बदलावी लागते. बाळंतिणीच्या खोलीत तर आता ती नकोच.

आईची जागा राहिली होती. सोप्याच्या दक्षिणेच्या भिंतीत एक खिडकी पाडली आणि तिथं तिची बाज टाकली. दहापासून चारपर्यंत तिथं ऊन असतं. पाठीमागं मातीची भिंत आणि समोर रस्ता, म्हणजे कोण आलं कोण गेलं दिसतं. लसूण सोलायला बायको तिच्याजवळच सूप घेऊन बसते. रात्री पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. पहिले दोन महिने आई रुसून होती. आता बसते. खोकला थोडा कमी आहे, गेलेली छाती काही परत येत नाही.

ती खूश आहे का, हे मी सांगू शकत नाही. मागच्या हिवाळ्यात सोलरच्या पाण्यानं अंघोळ करून उन्हात केस वाळवत बसली होती. मला हाक मारून म्हणाली, "आरं, एक ध्यानात ठेव. मी गेल्यावर माझ्या अंघोळीचं पाणी त्या नळाचं घालू नगंस. अंगणात तीन दगड मांडून तापवा, रीतीनं."

मी म्हटलं, "बरं. पण धूर हुईल की."

ती म्हणाली, "हुंदे. त्या दिवशी तरी फुंकणी दुसऱ्याच्या हातात असंल."